झोपेसाठी विकत मिळणाऱ्या वस्तू: कुठली कशावर चालते आणि कुठली नुसतीच विकली जाते

मेलाटोनिनच्या गोळ्या, जड ब्लँकेट, निळा प्रकाश अडवणारे चष्मे, पावसाचा आवाज काढणारी यंत्रं, झोपेला गुण देणारी घड्याळं. झोपेची तक्रार घेऊन ऑनलाइन शोधायला बसलं की हे सगळं एकदम अंगावर येतं. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाला ना कुणाला उपयोगी पडते. पण कुणाला, ते खोक्यावर छापलेलं नसतं. तिथे सगळीकडे एकच ओळ असते, 'शांत आणि गाढ झोप'. त्यामुळे घोरणारा माणूस मेलाटोनिन घेतो, दुपारी उशिरा तिसरी कॉफी पिणारा नवी गादी आणतो आणि काळजीने जागणारा मनगटावर घड्याळ बांधून आणखी जागतो. हा आढावा म्हणूनच तक्रारीपासून सुरू करून वस्तूपर्यंत नेला आहे.

पहिली खरेदी वही-पेनाची. १४ दिवस रोज सकाळी सहा गोष्टी लिहायच्या: अंथरुणात कधी गेलात, दिवा कधी मालवला, झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला, मध्ये किती वेळा आणि एकूण किती वेळ जागे होतात, शेवटची जाग कधी आली, प्रत्यक्ष उठलात कधी. शेजारी चहा-कॉफी, दारू, दुपारची डुलकी आणि औषधं यांच्या वेळा. रात्री घड्याळ बघायचं नाही, अंदाजच लिहायचा. मिनिटं मोजत बसणं हाच जागरणाचा एक भाग असतो. दोन आठवड्यांनी वही वाचली की तक्रारीचा चेहरा बहुतेक वेळा दिसतो.

झोप लागायलाच रात्रीचे दोन वाजतात, पण सुट्टीच्या दिवशी मोकळं सोडलं तर सकाळी दहापर्यंत सलग आणि छान झोप होते, असं असेल तर शरीराचं घड्याळ मागे रेंगाळलं आहे. झोप लगेच लागते, तास भरपूर होतात, तरी सकाळी तोंड कोरडं, डोकं जड आणि बैठकीत पेंग, अशी नोंद श्वासाकडे बोट दाखवते. संध्याकाळनंतर पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, चाललं की बरं वाटतं, पडलं की पुन्हा सुरू, तर तो अस्वस्थ पायांचा विकार. आणि सोफ्यावर डोळे मिटत होते पण अंथरुणात आलं की टक्क जाग, हे आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं असेल तर तो जुनाट निद्रानाश. चौघांचे उपाय वेगळे आहेत आणि काही तर एकमेकांच्या विरोधात जातात.

कुठलीही वस्तू घेण्याआधी वहीतल्या कॅफीनच्या रकान्याकडे बघा. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्यातूनच झोपेचा दाब तयार होतो. कॅफीन ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं. ते निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना त्याहून बरेच जास्त. काही डोकेदुखीच्या गोळ्यांतही कॅफीन असतं, वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. दुपारी बारानंतर दोन आठवडे पूर्ण बंद करून बघणं हा यादीतला सगळ्यात स्वस्त प्रयोग. 'मला कॉफीने काही होत नाही, प्यायलो तरी झोप लागते' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण झोप लागली तरी ती उथळ आणि तुटक होऊ शकते. दारूची गोष्ट उलटी: तिने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते आणि घोरणं वाढतं.

सीपॅप: सगळ्यात गुणकारी यंत्र, आणि सगळ्यात जास्त धूळ खाणारं

स्लीप ॲप्नियात झोपेत घशाची वाट मिटते, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, मेंदू क्षणभर जागा होऊन तो पुन्हा सुरू करतो आणि माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. तासाला असे ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलेलं असणं, उच्च रक्तदाब, वय पन्नाशीच्या पुढे, जाड मान, रात्री वारंवार लघवीला उठणं, यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर आधी तपासणी, मग बाकी सगळं. लघवीचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. श्वास अडला की छातीतला दाब बदलतो, हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडाला जास्त मूत्र तयार करायला लावतं. मूत्राशयावर वर्षानुवर्षं उपचार घेणाऱ्या माणसाचा खरा आजार कधी कधी घशात असतो.

घरी करायची तपासणी सोयीची असते: नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, छातीला पट्टा. पण बहुतेक घरगुती संचांत मेंदूच्या लहरी मोजल्या जात नाहीत, त्यामुळे तुम्ही झोपलात किती हे त्यांना कळत नाही. मग अडथळ्यांची संख्या झोपेच्या तासांनी न भागता नोंदीच्या तासांनी भागली जाते. रात्रभर जागून काढली असेल तर आकडा खोटा कमी येतो. लक्षणं ठळक असून घरची तपासणी 'ठीक' आली, तर प्रयोगशाळेतली पूर्ण तपासणी मागून घ्या.

सीपॅपची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे: नाकावाटे हलक्या दाबाची हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवायची. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. आता मिळणारी स्वयंचलित यंत्रं गरजेप्रमाणे तो स्वतः वरखाली करतात. यंत्रायंत्रांत फरक आहे, पण वापर टिकतो की सुटतो हे मास्कवर ठरतं, आणि विकत घेताना लोक नेमकं उलटं करतात: तासभर यंत्रांची तुलना आणि पाच मिनिटांत मास्क.

मास्क तीन प्रकारचे. नाकपुड्यांशी टेकणारा छोटा, नाक झाकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. 'मी तोंडाने श्वास घेतो' म्हटलं की विक्रेता तिसरा पुढे करतो. तो सर्रास घेऊ नका. त्याची कड लांब असते, म्हणून गळती जास्त. दाबही बहुधा जास्त लागतो आणि तो अर्ध्यावर सोडून देणारेही जास्त. तोंड अनेकदा नाक चोंदल्यामुळे उघडतं. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, यंत्रातला ओलावा वाढवणं, गरज पडली तर डॉक्टरांकडून नाकाचा स्प्रे, हे करून नाकाचा मास्क वापरून बघावा. नाकाचं हाडच वाकडं असेल तर गोष्ट वेगळी.

मास्क बसवण्याची रीत दुकानात बसून शिकवली जाते, तिथेच चुकतं. बसलेल्या चेहऱ्याचे गाल आणि पडलेल्या चेहऱ्याचे गाल सारखे नसतात. पट्टे सैल ठेवून आडवे व्हा, यंत्र चालू करून नेहमीच्या दाबावर आणा, मास्क हाताने थोडा चेहऱ्यापासून उचला म्हणजे सिलिकॉनची गादी हवेने फुगेल, मग अलगद खाली टेकवा आणि दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी थोडे थोडे ओढा. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. हवा डोळ्यांकडे फुसफुसली तर पहिली इच्छा करकचून आवळण्याची होते. आवळल्यावर ती फुगणारी गादी चपटी होते, गळती वाढते आणि सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वण उरतो. सोडून पुन्हा बसवणं हाच इलाज. रोज सकाळी गादी सौम्य साबणाने धुवायची. चेहऱ्याचं तेल सिलिकॉनवर बसलं की मास्क घसरतो. नळी आठवड्यातून एकदा. फिल्टर करडा दिसला की बदला, तारखेची वाट बघू नका.

पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. सुरुवातीला गुदमरल्यासारखं होतं, कारण यंत्र ४ वर सुरू होतं आणि मोठ्या माणसाला तेवढी हवा अपुरी वाटते. सुरुवातीचा दाब ५ किंवा ६ करून घ्या. मध्यरात्री नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला तर ओलावा एक पायरी कमी करा, किंवा तापणारी नळी घ्या; यंत्र पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवलं तरी फरक पडतो. पोटात हवा भरून ढेकर येत असतील तर दाबाची वरची मर्यादा डॉक्टरांना दाखवून कमी करून घ्यावी. टाकीत ऊर्ध्वपातित पाणीच घाला, नळाच्या पाण्याने तळाला पांढरा थर बसतो. मास्कची धास्ती वाटत असेल तर दिवसा जागेपणी, टीव्ही बघत, अर्धा अर्धा तास लावून सवय करा. रात्री एकदम सात तासांची उडी मारणारे बहुधा चौथ्या दिवशी यंत्र कपाटात ठेवतात.

यंत्र रोज सकाळी तीन आकडे दाखवतं: वापराचे तास, उरलेले अडथळे, गळती. अडथळे तासाला ५ च्या खाली हवेत. गळतीची मर्यादा कंपनीगणिक वेगळी. रेसमेडच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटरपर्यंत चालतं. रोज किमान चार तास, हा निकष मुख्यतः विम्याच्या हिशेबातून आला आहे. चार तासांवर समाधान मानू नका, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि ॲप्निया तेव्हाच बळावतो. नेमका तेव्हा मास्क उशाला पडलेला असतो.

जुनं यंत्र कुणाकडून घेत असाल तर मॉडेल आणि क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे लाखो यंत्रं परत मागवली होती. ओझोन सोडून यंत्र 'निर्जंतुक' करणारे डबे घेऊ नका; साबण-पाणी पुरतं, आणि ओझोन फुप्फुसाला त्रास देतो.

सीपॅप जमतच नसेल आणि आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी हा खरा पर्याय आहे. गरम पाण्यात मऊ करून चावायची तयार पट्टी आणि दंतवैद्याने मापावर केलेली पट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक. मापाची पट्टी थोडी थोडी पुढे सरकवता येते. तयार पट्टी सैल बसते आणि रात्रीत निघून येते. सकाळी लाळ, जबडा अवघडणं आणि काही वर्षांत दात किंचित सरकणं, हे गृहीत धरून चला. तोंडाला चिकटपट्टी लावायची जी लाट आली आहे, ती ॲप्नियाची तपासणी न झालेल्या किंवा नाक चोंदलेल्या माणसासाठी सरळसरळ धोक्याची आहे.

निद्रानाशाची ॲप

इथे सगळ्यात मोठी गल्लत होते. ॲपच्या दुकानात 'झोप' शोधलं की जी पहिली रांग येते त्यातली बहुतेक ॲप पाऊस, समुद्र आणि मंद आवाजातल्या गोष्टी ऐकवतात. ऐकायला छान आहेत, पण तो निद्रानाशाचा उपचार नव्हे. उपचार म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत, जिला डॉक्टर 'सीबीटी-आय' म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच द्यावी असं सांगितलं, आणि युरोपातल्या तज्ज्ञांचंही मत तेच आहे.

तिचा कणा म्हणजे अंथरुणातला वेळ कमी करणं. झोप येत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो आणि सकाळी लोळत राहतो. सहा तासांची झोप नऊ तासांवर पसरली की ती विरळ होते आणि मधल्या फटींत जागरण भरतं. हिशेब असा: वहीप्रमाणे तुम्ही रात्री १०:३० ते सकाळी ७:३० अंथरुणात असता, म्हणजे ९ तास, आणि झोप सरासरी ६ तास. ६ भागिले ९, म्हणजे ६७ टक्के. आता उठायची वेळ पक्की करा, समजा ६:३०. तिथून सहा तास मागे या: १२:३०. त्याआधी अंथरुणात जायचं नाही, डोळे मिटत असले तरी. ६:३० ला उठायचं, रात्र कशीही गेली तरी. दुपारची डुलकी बंद. आठवड्याची सरासरी ८५ ते ९० टक्क्यांच्या वर गेली की १५ मिनिटं वाढवायची. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी. हिशेब कितीही खाली आला तरी पाच तासांच्या आत जायचं नाही. बरेच डॉक्टर साडेपाचवरच थांबतात.

जोडीला दुसरा नियम: वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. फोन नको. अंथरुण म्हणजे तळमळायची जागा, अशी जी गाठ मेंदूत बसलेली असते ती यानेच सुटते.

पहिले दहा-पंधरा दिवस हाल होतात. दिवसा पेंग येते, चिडचिड होते, वाहन चालवणं धोक्याचं ठरतं. उपचार सोडणारे याच टप्प्यावर सोडतात, आणि चांगल्या ॲपची परीक्षाही इथेच होते. ॲप घेण्याआधी चार गोष्टी तपासा. ते रोजची झोपेची नोंद घेतं का? त्या नोंदीवरून तुमची झोपायची वेळ काढून देतं का, आणि दर आठवड्याला बदलतं का? पेंगेबद्दल आणि वाहनाबद्दल आधी बजावतं का? अपस्मार, बायपोलर विकार, झोपेत चालणं किंवा उपचार न झालेला ॲप्निया असेल तर थांबवतं का? या लोकांनी झोप कमी करण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करायचा नाही. त्यांना झटका किंवा उन्मादाची फेरी येऊ शकते. ज्या ॲपमध्ये यातलं काही नाही आणि फक्त गुण आणि संगीत आहे, ते करमणुकीच्या खात्यात टाका. निकषांवर उतरणारी दोन नावं: अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं मोफत 'इन्सोम्निया कोच', आणि 'स्लीपिओ', ज्याची शिफारस ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये केली. दोन्ही इंग्रजीत आहेत. पण खरं सांगायचं तर वरचा हिशेब वहीत करता येणाऱ्या माणसाला ॲपची गरज शिस्तीपुरतीच आहे.

मेलाटोनिन आणि उजेडाचा दिवा

मेलाटोनिनला लोक झोपेची गोळी समजतात. ते शरीराला 'रात्र झाली' एवढंच सांगतं. साध्या निद्रानाशात ते झोपायच्या वेळी घेतलं तर झोप लागायला सरासरी सातेक मिनिटं कमी लागतात, असं २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. सात मिनिटांसाठी डबी घ्यायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. रात्री दोनला झोप लागणाऱ्या माणसाला मात्र ते खरोखर उपयोगी आहे, पण वेगळ्या वेळी: नेहमी झोप लागते त्याच्या चार-पाच तास आधी, आणि छोटा डोस, अर्धा ते तीन मिलिग्रॅम. दहा मिलिग्रॅमची गोळी जास्त काम करत नाही. ती सकाळपर्यंत रेंगाळते आणि घड्याळाला मिळणारा इशाराच धूसर होतो. गोळी घेतल्यावर पेंग येऊ शकते, त्यामुळे त्यानंतर गाडी नको.

दुसरी अडचण भेसळीच्या जवळ जाणारी आहे. कॅनडात ३१ उत्पादनं तपासली तेव्हा गोळीतलं प्रमाण लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त असं काहीही निघालं, आणि चौथा हिस्सा उत्पादनांत सेरोटोनिनही सापडलं. हा अभ्यास २०१७ चा. म्हणून औषध म्हणून नोंदलेली किंवा स्वतंत्र प्रयोगशाळेचा शिक्का असलेली डबी घ्या, चघळायच्या गोड गोळ्या टाळा. फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध चालू असेल तर मेलाटोनिन रक्तात अनेक पटींनी वाढतं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनीही विचारूनच घ्यावं.

घड्याळ पुढे ओढायला मेलाटोनिनपेक्षा सकाळचा उजेड जोरकस. लक्स हे उजेडाचं माप; ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात, घरात दिवे लावून दोनशे-तीनशे. नेहमीच्या उठण्याच्या वेळी लगेच अर्धा तास बाहेर जा आणि दर दोन-तीन दिवसांनी ती वेळ पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा. पहिल्याच दिवशी पहाटे पाचला उजेडात बसू नका. ज्याचं घड्याळ मागे आहे त्याच्यासाठी ती अजून मध्यरात्र असते आणि त्या वेळचा उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो. बाहेर जाणं शक्य नसेल तर १०,००० लक्सचा दिवा. घेताना विचारायचा प्रश्न एकच: १०,००० लक्स किती अंतरावर? छोट्या दिव्यांत हा आकडा हातभरापेक्षा कमी अंतराचा असतो; अंतर दुप्पट केलं की उजेड पावपट होतो. टेबलाच्या पलीकडे ठेवलेला दिवा नुसती शोभा. डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर विकार असेल तर आधी डॉक्टर.

संध्याकाळी मात्र उजेड कमी हवा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांबद्दल २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात झोपेवर ठाम परिणाम दिसला नाही. झोपायच्या दोन-तीन तास आधी छताचे दिवे बंद करून एक कमी वॉटचा, पिवळसर, कमरेच्या उंचीचा दिवा लावणं हे चष्म्याहून सरस.

बाकीचं थोडक्यात

पायांच्या अस्वस्थतेवर मोजे, मसाज यंत्रं आणि मॅग्नेशियम विकलं जातं. आधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासा. प्रयोगशाळा 'सामान्य' म्हणते त्या आकड्यावरही या विकारात लोहाची गरज असू शकते. ७५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरपर्यंत लोह देण्याचा विचार होतो. सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या हा त्रास वाढवतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

स्मार्टवॉच हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. निश्चल पडून जागणाऱ्या माणसाला ते झोपलेला धरतं, आणि गाढ झोपेचे आकडे तर फारच सैल असतात. झोपायच्या-उठायच्या वेळा किती हलतात हे बघायला चांगलं. २०२४ मध्ये सॅमसंग आणि ॲपलच्या ॲप्निया-सूचनेला अमेरिकी नियामकाची मान्यता मिळाली; सूचना आली तर तपासणी करा, पण आली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. निद्रानाश असेल तर गुणांचा पडदा बंदच ठेवा. चांगल्या गुणांच्या मागे लागून झोप घालवून बसलेल्यांसाठी संशोधकांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असं नावही पाडलं.

फोमचे इअरप्लग ही यादीतली सगळ्यात कमी कौतुक झालेली वस्तू. ते चालत नाहीत असं म्हणणारे बहुतेक जण ते कानाच्या तोंडाशी नुसते टेकवतात. स्वच्छ बोटांनी प्लगची बारीक, सुरकुती नसलेली वळी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे नलिका सरळ होते. वळी आत सारा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला तर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. प्लगचं टोक थोडं बाहेर राहिलं पाहिजे, नाहीतर काढताना ओढाताण होते. कानात मळ किंवा संसर्ग असेल तर नको. आवाजाचं यंत्र घ्यायचंच तर ते पलंगापासून दूर आणि कुजबुजीइतक्या आवाजात ठेवा. ते बाहेरच्या अचानक आवाजाची धार बोथट करतं, यापलीकडे भक्कम पुरावा नाही.

जड ब्लँकेट: शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं. चिंतेने जागणाऱ्या काहींना आवडतं. लहान बाळांवर कधीही घालू नका, आणि श्वासाचा त्रास असणाऱ्यांनीही घेऊ नये. त्यापेक्षा झोपण्याच्या तास-दीड तास आधी दहा मिनिटं ४० अंशांच्या आसपासच्या पाण्याने आंघोळ बरी. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर थंड होताना झोप लागते. आंघोळ करून लगेच आडवं झालं तर हा फायदा मिळत नाही.

गादीचं काम पाठदुखीपुरतं. २००३ च्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीत मध्यम कडक गादी कडक गादीपेक्षा सरस ठरली, त्यामुळे 'फळीसारखी कडक घ्या' हा सल्ला विसरा. कुशीवर झोपणाऱ्याची उशी मान आणि खांद्यामधली जागा भरणारी हवी. नाक छातीच्या मध्यरेषेत आलं की उंची बरोबर. आंबट ढेकरांनी जाग येत असेल तर उशांची चळत उपयोगाची नाही, तिने पोट दुमडतं. पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचला आणि डाव्या कुशीवर झोपा.

राहिल्या गोळ्या. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या डायफेनहायड्रमिनसारख्या गोळ्यांची सवय काही दिवसांतच होते आणि गुण ओसरतो. वयस्कर माणसांत तोल जाणं, लघवी अडणं आणि गोंधळलेपण यामुळे त्या टाळाव्यातच. झोलपिडेमसारख्या गोळ्यांवर २०१९ पासून अमेरिकेत झोपेत चालणं, गाडी चालवणं यांबद्दल सगळ्यात कडक इशारा छापावा लागतो. स्त्रियांच्या शरीरातून ती हळू उतरते, म्हणून त्यांचा डोस २०१३ मध्येच १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला गेला. आणि झोपेची गोळी बरेच महिने रोज चालू असेल तर हा लेख वाचून आज रात्रीपासून बंद करू नका. एकदम सोडल्यावर येणारं जागरण हे औषध सुटल्याचं लक्षण असतं, मूळ आजार परत आल्याचं नव्हे, पण ते ओळखणं त्या वेळी अवघड जातं. बेन्झोडायझेपिन गटातली गोळी असेल तर झटकाही येऊ शकतो. डॉक्टरांकडून डोस उतरवण्याचं वेळापत्रक लिहून घ्या, साधारण दर दोन आठवड्यांनी एक पायरी, आणि वरचा अंथरुणाचा हिशेब त्यांच्या देखरेखीखाली पहिल्या पायरीच्या आधीच सुरू करा.